निवेदक-सल्लागार

सातारा-सांगलीकडे स्थानिक केबलवर बातम्या वाचणारा माणूस आयुष्यभर बातम्याच वाचत बसत नाही. चाळिशी गाठता गाठता तो म्युच्युअल फंड आणि विमा विकू लागतो.

सुरुवात कॉलेजच्या गॅदरिंगच्या सूत्रसंचालनाने होते. मग गणेशोत्सव, मग पतसंस्थेची वार्षिक सभा, आणि तिथून स्टुडिओ; म्हणजे पहिल्या मजल्यावरचा एक गाळा आणि मागे निळा पडदा. कोट वाहिनीचा असतो. तो तिघा निवेदकांत फिरत असल्याने त्याच्या बाह्या कोणालाच बसत नाहीत. मानधन दिवाळीच्या जाहिरातींवर अवलंबून, त्यामुळे बहुधा थकलेले. प्रसिद्धी मात्र रोख मिळते: पोवई नाक्यावर त्याच्याकडून चहाचे पैसे घेत नाहीत, विश्रामबागेतल्या लग्नात त्याला पहिल्या रांगेत बसवतात.

कीर्तीचा कळस पावसाळ्यात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेले. अशा रात्री कोयनेतून किती क्युसेक विसर्ग चालू आहे हे सांगणारा चेहरा घरातलाच वाटू लागतो. ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’ हे वाक्य त्याच्या तोंडी बसते ते इथे. पुढच्या धंद्याचे भांडवल तेवढेच.

लोक मोबाईलवर बातम्या पाहू लागले की तो एनआयएसएम या संस्थेची म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा देतो. शंभरात ५० गुण पुरतात. वाचायची सवय असल्याने ती जड जात नाही. वितरकाचा एआरएन हा नोंदणी क्रमांक मिळतो, स्वतःच्या मापाचा कोट शिवला जातो. सल्लागार म्हणून वेगळी नोंदणी नसेल तर वितरकाने स्वतःला सल्लागार म्हणवू नये, असे बाजार नियामक सेबीचे म्हणणे. तो म्हणवत नाही. लोकच म्हणतात, आणि लोकांना दुखवायचा त्याचा स्वभाव नाही.

गिऱ्हाईक म्हणजे ग्रॅच्युइटी हातात आलेले मास्तर, उसाचे बिल जमा झालेले बागायतदार, यात्रेला गावी आलेले विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळणारे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँक पुढच्याच वर्षी आयसीआयसीआयमध्ये विलीन झालेली त्यांनी पाहिली आहे, म्हणून प्रश्न ठरलेला असतो: “पैसे बुडणार नाहीत ना साहेब?” उत्तरादाखल तो बाजारातील जोखमीचे वाक्य एका दमात म्हणतो. उच्चार इतके स्वच्छ, की मास्तर अर्थाकडे लक्षच देत नाहीत.

बाजार कोसळला की व्हॉट्सअॅपवर ‘आत्ताची मोठी बातमी’ येते आणि तिच्याखाली तेच जुने वाक्य: घाबरून जाऊ नये. गुंतवणूक टिकेल तोवर त्याचे कमिशन चालू राहते, हे खरे; पण पडत्या बाजारात घाईने पैसे काढणाराही बहुधा तोट्यातच जातो, त्यामुळे सल्ला पुष्कळदा बरोबर ठरतो आणि त्याचे नाव आणखी होते.

जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडांत वितरकाच्या कमिशनविना थेट गुंतवणुकीची ‘डायरेक्ट’ योजनाही मिळते. ही बातमी मात्र त्याने अजून वाचून दाखवलेली नाही.