आळ्याची वहिवाट

पनवेलच्या आसपास ज्यांच्या घराला अजून परसदार उरलंय, त्यांच्याकडे चार माड, दोन पोफळी आणि मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्या असतातच. यांचं आपसात पटत नाही. म्हणजे माडाची तक्रार नसते, तो बिचारा उभा असतो. भांडण माणसाचं आणि कोंबडीचं, आणि ते होतं आळ्यावरून.

माडाची कामाची मुळं बुंध्यापासून साधारण दोन मीटरच्या आत असतात. म्हणून आपण तेवढं आळं करतो, शेणखत घालतो, वर पालापाचोळा पसरून ओल धरतो. कोंबडी हे सगळं कुंपणापाशी उभी राहून बघते. आपण हातपाय धुवायला वळलो की ती आत उतरते. डावा पाय, उजवा पाय, मग एक पाऊल मागे, मान तिरकी करून एका डोळ्याने पाहणी, आणि टिपलं काहीतरी. तासाभरात पाचोळा अंगणात, मुळं उघडी, आणि बाईसाहेब खड्ड्यात पंख पसरून धुळीची अंघोळ करताहेत.

मोठ्या माडाचं यात फारसं बिघडत नाही. जीव जातो तो रोपाचा. आंब्याचा शेंडा खुडला तर बाजूने फुटवा येतो. माडाला आणि पोफळीला कोंब एकच, तो गेला की रोप गेलं. त्यामुळे आमच्याकडे कोंबड्या डालायचं डालगं रोपावर पालथं असतं. आत पोफळ, बाहेर कोंबडी.

घरात मत घेतलं तर माडाचं डिपॉझिट जप्त होईल. कोंबडी पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते, बाणवली माड सहा-सात वर्षं नुसता वाढतो. नातवंडं कुणाच्या बाजूने उभी राहतील हे विचारायला नको.

माझाही राग शेणखताचा खड्डा उपसायची वेळ आली की विरघळतो. माडाचा खरा वैरी गेंड्या भुंगा. तो शेंड्यातली न उलगडलेली पातं पोखरतो. पुढे झावळी उलगडते ती कुणी कात्रीने तिरकी कापल्यासारखी. त्याच्या अळ्या वाढतात आपल्याच खड्ड्यात: पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या जाड, अंग मुडपून पडलेल्या. फावड्याचा आवाज ऐकला की कोंबड्या घर सोडून धावत येतात. एकीच्या चोचीत अळी, बाकीच्या तिच्या मागे, अशी परसभर वरात निघते. अळी वेचायला माणूस लावा, तो आधी चहा मागेल.

शिवाय हक्काचा प्रश्न आहेच. कोंबडीचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा. पण तिच्या पायांचा पिवळा रंग राखाडी रानकोंबड्याकडून आला, असं 2008मध्ये जनुकं तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं. हा राखाडी गडी आपल्या सह्याद्रीतला. म्हणजे गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, तिकडच्या रानांत हिचं आजोळ. पाचोळा उकरायची वहिवाट आपल्या सातबाऱ्यापेक्षा कितीतरी जुनी.

पनवेलकराला जमिनीचा दावा किती पिढ्या चालतो ते सांगावं लागत नाही. मी कोर्टाबाहेर मिटवलं. बुंध्याभोवती चपटे दगड मांडले, मधल्या फटींत सोडणं उपडी दाबली. पाणी मुरतं, नखं पोचत नाहीत. मोठी तांबडी येऊन दगडावर उभी राहिली, खाली बघितलं, वर बघितलं, आणि शिटून शेजारच्यांच्या माडाकडे निघून गेली. आता शेजारच्या वहिनी दगड कुठून आणले ते विचारत होत्या.