मोनोरेल कॅमेरा: खान्देशातील वापराबाबत सूचना

जळगाव-धुळे भागातल्या ज्या कोणाला मोनोरेल कॅमेरा घ्यावासा वाटला असेल, त्याने पहिला नियम असा पाळावा की कॅमेरा एकदा घरात आला की पुन्हा उंबऱ्याबाहेर काढू नये. हा नियम आळसातून आलेला नाही, तो यंत्राच्या रचनेतूनच निघतो. एक दांडा, त्यावर दोन चौकटी, पुढच्या चौकटीत भिंग, मागच्या चौकटीत दुधी काच आणि दोघींमध्ये भाता, एवढाच हा संसार. दोन्ही चौकटी वर-खाली होतात, डावी-उजवीकडे सरकतात, पुढे-मागे झुकतात आणि मानही वळवतात. जो कॅमेरा जागच्या जागी इतका हलतो, त्याच्या मालकाला हलण्याचे कारणच उरत नाही. स्वित्झर्लंडच्या कार्ल कोख यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ‘सिनार’ काढला, तेव्हापासून ही जात मुख्यतः स्टुडिओतच नांदली, हे उगाच नव्हे.

शंकेखोरांसाठी इतिहासाची साक्ष काढू. मेजर रॉबर्ट गिल याची १८४४ साली अजिंठ्याची चित्रे नकलून काढण्यासाठी नेमणूक झाली. तो डोंगरात गेला, वर्षानुवर्षे राबला, पुढे कॅमेराही चालवला. त्याच्या बहुतेक चित्रनकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या आणि तो स्वतः १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. हे झाले बाहेर पडणाऱ्याचे. आता घरी बसणाऱ्याचे पाहा. १९१२ साली जन्मलेले केकी मूस इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन चाळीसगावला परतले आणि १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्टेशनजवळच्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्ये उभी केली आणि ‘टेबलटॉप’ छायाचित्रणात नाव कमावले. गिल बाहेर पडला म्हणूनच अजिंठा जगाला दिसला, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. पण गिलकडे ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी होती. तुमच्याकडे टेबल आहे.

तेव्हा टेबलाकडे वळू. रावेर-यावलकडची केळीची एक फणी घ्यावी आणि ती देठ आपल्याकडे, टोके भिंतीकडे अशी आडवी ठेवावी. साध्या कॅमेऱ्यात देठ स्पष्ट आला की टोके विरघळतात. भिंगाचे तोंड कितीही बारीक केले तरी थोडेच भागते. मोनोरेलमध्ये मागची काच उभी ठेवून भिंगाची चौकट पुढे झुकवावी. भिंग टेबलापासून ६० सेंटिमीटर उंच आणि १५० मिलिमीटरचे असेल, तर साधारण १४-१५ अंश पुरतात. मग फणीच्या रेषेतले सगळेच स्पष्ट होत जाते: देठावरचा वाळलेला चीक, सालीवरचे काळे ठिपके, पार मागच्या टोकाची सुकलेली फुलकळी. भिंग झुकवण्याचा हा नियम थिओडोर शाइम्पफ्लूग या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. १९०४ साली त्याने पेटंट घेतले ते आकाशातून टिपलेल्या जमिनीच्या फोटोंतली वाकडी भूमिती सरळ करण्यासाठी. आपण तो केळ्यांसाठी वापरतो, ही त्या शास्त्राची अधोगती मानू नये. मात्र हे सारे पाहताना दुधी काचेत टेबल छताला चिकटलेले आणि डावे ते उजवे दिसेल. घाबरून कॅमेरा उलटा करू नये.

भिंग निवडताना त्याचे वर्तुळ विचारावे. चार बाय पाच इंची फिल्मचा कर्ण सुमारे दीडशे मिलिमीटर. भिंगाने पाडलेले प्रकाशाचे वर्तुळ तेवढेच असेल, तर चौकट जरा सरकवताच फोटोचे कोपरे काळे पडतील. जुने भिंग टॉर्चच्या उजेडात आरपार पाहावे. या बाबतीत खान्देशी माणूस कोकणातल्यापेक्षा सुखी आहे, कारण कोरड्या हवेत भिंगाला बुरशी सहसा धरत नाही. तोच कोरडेपणा भात्याच्या घड्या मात्र तडकवतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावून चांदण्या मोजाव्यात. एकही दिसली तर भाता बदलावा किंवा काळी चिकटपट्टी लावावी.

मोबाइल हे सगळे करतो, मग ही उठाठेव कशाला, असे विचारले जाईलच. मोबाइल करतो, पण तुमचा अर्धा तास मागत नाही. आणि अर्धा तास फणीकडे टक लावून बसल्याशिवाय तिच्यावर धूळ आहे हे कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बळसाण्याची मंदिरे, फरकांड्याचे झुलते मनोरे यांची उभी रेघ उभीच राहावी, ती वर निमुळती होऊ नये, यासाठी भिंग वर सरकवणारा हाच कॅमेरा हवा. हे मान्य. पण संरक्षित वास्तूत तिकाटणे लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, वारा सुटला की ताणलेला भाता शीड होतो आणि मे महिन्यात ४४ अंशांत दुधी काच पाहायला काळ्या कापडाखाली डोके घालणाऱ्याकडे गाव काळजीने पाहते. जायचेच असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी जावे, आणि कापडाची बाहेरची बाजू पांढरी असावी. त्यावर बागायती रुमाल शिवून टाकला तरी चालेल.

घरात शेवटची अडचण पंख्याची. फणीचा देठ मूळ आकाराएवढा टिपायचा तर १५० मिलिमीटरच्या भिंगासाठी भाता ३०० मिलिमीटरपर्यंत ताणावा लागतो आणि प्रकाश चौपट द्यावा लागतो. त्यात भिंगाचे तोंड एफ ३२ वर आवळले की एक्स्पोजर कित्येक सेकंदांवर जाते. इतक्या वेळात फिल्म स्वतःही मंदावते, म्हणून आणखी थोडे वाढवावे. तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा, घरच्यांना पूर्वसूचना द्यावी. फिल्मवरचे झाकण, म्हणजे स्लाइड, ओढण्याआधी शटर मिटले आहे ना, हे दोनदा पाहावे. कृष्णधवल फिल्म धुण्याचे रसायन २० अंशांना हवे आणि उन्हाळ्यात आपल्या टाकीचे पाणी त्याच्या आसपासही नसते. तेव्हा बर्फासाठी कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे.