चाकणमध्ये पाठलाग कसा लिहावा

मुंबईवर पोलिसपट लिहून झाले. आता पिंपरी-चिंचवडकडे वळा. १५ ऑगस्ट २०१८ पासून इथे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा भिंतीवरच्या नकाशापुढे पाठमोरा उभा राहणारा आयुक्त आता रीतसर उपलब्ध आहे. होतकरू पटकथाकारांनी पुढील सूचना पाळाव्यात.

१. नायक : विजय तेंडुलकरांनी 'अर्धसत्य' (१९८३) साध्या फौजदारावर भागवला. तुम्ही डीसीपीच्या खाली उतरू नका. त्याला गडचिरोलीहून बदलून आणा आणि आल्या दिवशीच पुन्हा बदलीची धमकी मिळू द्या.

२. खलनायक : परदेशातून फोन करणारा डॉन इथे चालत नाही. इथला माणूस स्वतः कंपनीच्या गेटवर येतो. हातात पिस्तूल नको, लेटरहेड द्या. भंगार आमचंच उचललं जाईल, टँकर आमचाच, लेबर आमचंच, एवढं नम्रपणे सांगून तो चहा पितो. माथाडी कायदा १९६९ साली हमालांच्या संरक्षणासाठी झाला. त्याच नावाची पावती फाडून तो खंडणी मागतो, हे दाखवायला विसरू नका. पूर्वकथेत बापाची विकलेली जमीन घाला. 'मुळशी पॅटर्न'ने २०१८ मध्येच ती दाखवली आहे, पण निर्मात्याला सांगू नका.

३. तक्रार : इथे कथा अडते. कंपनीचा मॅनेजर सगळं सांगतो, फक्त सही करत नाही. मध्यंतर इथेच घ्या.

४. पाठलाग : वेळ शिफ्ट सुटण्याची, स्थळ चाकणचा तळेगाव चौक. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बसगाड्या, मधे नायकाची जीप. खलनायक तीन गाड्या पुढे, तोही अडकलेला. स्लो मोशनचा खर्च वाचतो. नायकाने खाली उतरून चालत जावं. वाटेत वडापाव घेतला तरी गुन्हेगार निसटत नाही.

५. संवाद : 'तीनशे दोन लावीन!' हे लिहू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाला कलम १०३, खुनाच्या प्रयत्नाला १०९. 'एकशे तीन लावीन' म्हटल्यावर शिट्टी पडत नाही, एखादा प्रेक्षक बसचा नंबर समजतो. शिट्टी हवीच असेल तर प्रसंग फ्लॅशबॅकमध्ये घाला.

६. शेवट : गोळीबार टाळा, आरोपीला चोवीस तासांत कोर्टात न्यायचं आहे. गोडाऊनवर धाड घाला. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानेच करावं लागतं, म्हणजे एक कॅमेरा फुकट. पण पंच हवेत. रात्रपाळी करून निघालेला, लातूरकडचा एक कंत्राटी कामगार थांबवा. तो म्हणेल, "साहेब, मी बाहेरचा माणूस. खोली भाड्याची आहे."

आता पार्श्वसंगीत बंद करा. डीसीपीला गप्प बसवा. कॅमेरा फक्त पंचनाम्याच्या कागदावर ठेवा. मॅनेजरने टाळलेली सही हा करतो की नाही, एवढाच तुमचा क्लायमॅक्स आहे.

त्याने सही केली, तर सिनेमा जमला. पोस्टरवर मात्र त्याचा फोटो टाकू नका. त्याला उद्या त्याच गेटमधून कामावर जायचं आहे.