कढत पाण्यातल्या जिवाची खोड कशी काढावी?

१. सावज निवडा. नवशिक्याने 'सल्फोलोबस' घ्यावा. थॉमस ब्रॉक यांनी सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये त्याची नोंद केली. याला ७५ ते ८० अंश सेल्सियसचं, लिंबाच्या रसाइतकं आंबट पाणी लागतं. हा जिवाणू नव्हे, आर्किया! चहाच्या टपरीवर कुणी चुकलं तर लगेच दुरुस्त करा. पुढचे काही महिने मिरवण्यासारखं तुमच्याकडे एवढंच असणार आहे.

२. तत्त्व समजून घ्या. कुठलं जनुक कशाला लागतं, ते शोधायचंय. सोसायटीच्या मीटररूममध्ये शिरायचं, डोळे मिटून एक फ्यूज उपटायचा आणि कुठल्या मजल्यावरून ओरडा होतो ते ऐकायचं. इथे फ्यूज उपटतो ट्रान्सपोझॉन, म्हणजे डीएनएचा उडी मारणारा तुकडा. जनुकात घुसला की ते जनुक बंद. बार्बरा मॅक्लिन्टॉक यांना असे तुकडे मक्यात सापडले. नोबेल मिळालं १९८३ मध्ये, तीसेक वर्षांनी. तेव्हा घाई नको.

३. तुकडा आत घाला. उडी मारायला लावणारं विकतचं विकर ३७ अंशांच्या सुखात वाढलेलं. ते नळीतच ट्रान्सपोझॉनला बांधा आणि विजेचा झटका देऊन पेशीत ढकला. अंड्यासारखं उकडून निघण्याआधी त्याने जागा पकडावी, म्हणून हात जोडा.

४. आता वाढवा. नेहमीचं आगर या उष्ण आम्लात तग धरत नाही, म्हणून जेलन गम वापरा. प्लेटा सुकतात, पिशव्यांत गुंडाळा. आठवडाभर काही दिसलं नाही तरी फेकू नका. नेहमीच्या अँटिबायोटिकांना हा दाद देत नाही. त्यामुळे युरासिल बनवता न येणारा वाण घ्या आणि ते बनवणारी जनुकं ट्रान्सपोझॉनसोबत पाठवा. ज्याला शिदोरी पोचली, तो जगला.

५. घरभेद्यांपासून सावध. सल्फोलोबस सोल्फाटॅरिकसचा जीनोम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात उड्या मारणाऱ्या तुकड्यांच्या सुमारे २०० प्रती निघाल्या. म्हणजे तुम्ही जिवाचं रान करून जो बिघाड घडवता, तो हा पठ्ठ्या फावल्या वेळात स्वतःच करतो.

६. निकाल वाचा. जगलेल्या सगळ्या पेशींत मिळून ज्या जनुकात एकही ट्रान्सपोझॉन सापडला नाही, ते बहुधा अत्यावश्यक. तिथे घुसखोरी झालेल्या पेशी मेल्या, आणि मेलेले जबानी देत नाहीत. २०१८ मध्ये सल्फोलोबस आयलँडिकसवर हाच उद्योग झाला. पेशीभोवतीचा प्रथिनांचा कोट जगायला हवाच, अशी समजूत होती. तो नसतानाही पेशी वाढत राहिली.

तुम्ही मात्र हातमोजे काढू नका. इनक्युबेटर ७५ अंशांवर आहे.