नानांचं सुतक

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. बँकेतून निवृत्त झालेले, पाण्याच्या टाकीच्या वेळा तोंडपाठ असलेले आणि बायकोच्या मालिकांचे हाडवैरी. ‘रडक्या मालिका’ त्यांना चालत नाहीत. ‘सीआयडी’चं वेगळं, ती मालिका नव्हे, तपासकाम. 1998 च्या जानेवारीत ते सुरू झालं तेव्हापासून नाना त्यात जातीने लक्ष घालताहेत. त्यातल्या इन्स्पेक्टर दयाने दरवाजा तोडला की खांदा यांचा दुखतो. शिवाय त्यातले एसीपी प्रद्युम्न, म्हणजे शिवाजी साटम, एकेकाळी सेंट्रल बँकेत नोकरीला होते. म्हणजे आपल्या खात्यातलाच माणूस!

तर 2025 च्या एप्रिलमध्ये मालिकेतल्या खलनायक बार्बोसाच्या बॉम्बस्फोटात एसीपी प्रद्युम्न गेले आणि सोनी वाहिनीने त्यांना रीतसर श्रद्धांजलीही वाहिली. नानांनी बडीशेपेची डबी न उघडताच बाजूला सारली. सकाळी कट्ट्यावर त्यांचा आवाज बसलेला.

‘पोटच्या पोराला गोळी घालताना या माणसाचा हात कापला नाही, आणि त्याला असं मारायचं? वर नव्या एसीपीचं नाव काय, तर आयुष्मान! म्हणजे जुन्याला खपवायचं आणि नव्याला बारशातच आशीर्वाद!’

मंडळी हसली. नाना हसले नाहीत.

घरी नानी वाट बघतच होत्या. चोवीस वर्षं.

2001 साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहीर विराणी गेला, तेव्हा घरोघरी रडारड झाली होती. अमर उपाध्यायची आई तर, मुलगा शेजारी धडधाकट बसलेला असताना रडत होती. हे त्यानेच पुढे सांगितलंय. नानींच्या आमटीत त्या आठवड्यात दोनदा मीठ राहिलं. नानांनी मात्र जिन्यात उभं राहून ‘आमच्याकडे सुतक आहे हो’ असं जाहीर करत चार मजल्यांचा हशा वसूल केला होता. प्रेक्षकांच्या रेट्यापुढे मिहीर काही महिन्यांत परतला, पण तो हशा काही नानींच्या डोक्यातून गेला नाही.

‘पांढरा सदरा इस्त्रीला टाकू का?’ त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

दु:खाची पुढची पायरी अर्थातच तपास. नानांना मृत्यूच संशयास्पद वाटू लागला. मालिकेतले फॉरेन्सिक तज्ज्ञ डॉ. साळुंखे यांचा अहवाल ते मानायला तयार नव्हते. ‘इतक्या जवळचा मित्र गेल्यावर तो रडत रडत लिहिणार, ते काय धड असणार?’ प्रद्युम्नांसारखी बोटं फिरवत, गॅलरीत येरझाऱ्या घालत ते स्वतःशीच पुटपुटायचे, ‘कुछ तो गड़बड़ है.’

गडबड होतीच. प्रद्युम्न परतले.

नाना दिवसभर सोसायटीत, केस आपणच सोडवल्यासारखे फिरत होते. संध्याकाळी नानींनी समोर वाटी ठेवली. शिरा होता.

‘हा कशाबद्दल?’

‘सुतक फिटलं ना! मिहीर परत आला होता तेव्हाही केला होता मी. दोन वाट्या खाल्ल्या होत्या तुम्ही.’