चिटबॉय कवी

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामतीपासून इंदापूरपर्यंत ऊस पिकतो, तसे कवीही पिकतात. पण आमचे कविराज निराळे. ते साखर कारखान्याचे चिटबॉय आहेत. कुणाच्या फडात तोडीची टोळी कधी जायची, हे त्यांच्या वहीवर ठरतं. शब्दाला एवढं वजन असलेला दुसरा कवी मराठीत नसेल.

त्यांच्याकडं वह्या दोन. एकीत लागणीच्या तारखा, दुसरीत कविता. दुसरीला रकाने पाडलेत : डोळे, कान, नाक, जीभ, कातडी. कुठल्याशा शिबिरात त्यांना कुणीतरी सांगितलं, की अनुभव वाचकाच्या इंद्रियांतून आत गेला पाहिजे. ‘दुःख झालं’ म्हणू नका, त्या दिवशी चहाला कसली चव होती ते सांगा. तेव्हापासून पाचही रकाने भरल्याशिवाय ते कविता तोडीला आली असं मानत नाहीत. नाकाची अडचण नसते. हंगामात मळीचा वास घरबसल्या येतो, त्यामुळं त्यांच्या प्रेयसीच्या गजऱ्यालाही तोच आहे. डोळ्यांसाठी म्हणून एकदा ते भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला गेले आणि चिलापी खाऊन आले. नोंद जिभेच्या रकान्यात पडली.

कुणी हसलं, की ते मोरोपंतांना पुढं करतात. पंत बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहिले, १७९४ साली इथंच वारले. देवाला आळवताना त्यांनी आपल्या नावातला मोर कामाला लावला. मोराचा टाहो तो केका, म्हणून ‘केकावली’. “कान!” कविराज बोट वर करतात. पंतांचं एक निरोष्ठ रामायणही आहे, ओठाला ओठ न लागणाऱ्या अक्षरांचं. “कातडी!” शिवाय तोंडात तंबाखूचा बार असला तरी ते म्हणता येतं, हा शोध कविराजांचा स्वतःचा. मला तो पटतो.

गाळप सुरू झालं, की तालुक्यातली रसिकता वाढते. टपरीवर चहा येतो, दाद येते, “वन्स मोअर” येतो, पाठोपाठ दबक्या आवाजात, “आमचा आडसाली तेवढा बघा.” धुराडं थंडावलं, की कवितेला कुत्रं विचारत नाही.

एकदा जानेवारीत त्यांनी उसाच्या तुऱ्यावर कविता वाचली. रुपेरी तुरे, वाऱ्यावर डुलणारं चांदणं, वगैरे. कविता खरंच बरी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. लासुर्ण्याकडचे एक आबा तेवढे गप्प.

“का हो आबा, दिसला नाही तुरा?”

“दिसला की. माझ्याच फडातला हाय त्यो. दोन म्हैनं झालं तोडीची वाट बघतोय. आता आत दशी पडाय लागली, वजन चाललं. तुरा तुमी कवितेत ठिवा, ऊस कारखान्याला न्या.”

टपरी शांत झाली. कविराजांनी वही उघडली. डोळ्यांचा रकाना गच्च भरलेला, कातडीचा कोरा. सवयीनं त्यांनी विचारलं, “आबा, पाचट अंगाला कसं लागतं?”

आबांनी काही न बोलता बाही वर केली. कोपरापर्यंत पाचटानं कापलेले बारीक चरे, काही जुने, काही ओले. कविराज बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ती वही मिटली आणि दुसरी काढली.

तिसऱ्या दिवशी आबांच्या फडात टोळी शिरली. कविता अजून तोडीला आलेली नाही.