स्मरणशक्तीचा कटिंग डोस

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी पंचावन्नच्या पुढच्या ९५७ चिनी ज्येष्ठांवर काही वर्षे नजर ठेवली. २०१६ साली निष्कर्ष छापून आला: नियमित चहा पिणाऱ्यांत बुद्धी मंदावण्याचा धोका निम्म्याने कमी आढळला. 'आढळला' आणि 'चहामुळेच घटला' यांतला फरक चोथ्याबरोबर गाळणीतच राहिला, हे उत्तम झाले.

तेव्हा सरकारी कचेरीतला अकराचा चहा ही कामचुकारी नसून प्रतिबंधक उपचार ठरतो. साहेब जागेवर नाहीत? डोस घ्यायला गेलेत. टपऱ्या तातडीने आरोग्य खात्याकडे वर्ग व्हाव्यात आणि आले ठेचणाऱ्या पोऱ्याला औषधनिर्मात्याचा दर्जा मिळावा. सिंगापुरात मोजला तो ग्रीन, ब्लॅक नि ऊलाँग. इथला पातेल्यात तीनदा उकळलेला, साखरेत बुडालेला त्याहून गुणकारी असणारच.

पुरावाही हजर आहे. रोज आठ कटिंग रिचवणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या एका हेडक्लार्कना पाचव्या वेतन आयोगाच्या श्रेण्या आजही तोंडपाठ आहेत. टपरीवाल्याने मार्चपासूनच्या उधारीची वही पुढे केली, की तेवढे विचारतात,

"कसली रे उधारी?"